त्या दुपारी माझं पान खरं होतं

मी मायनर बोलतोय. खाणीत उतरणारा माणूस नव्हे. टेबलावर बसून इंटरनेटवरचं चलन खणणारं यंत्र. सध्या विठ्ठलवाडीला जगनच्या जुन्या कॉम्प्युटरच्या दुकानात फळीखाली पडून आहे.

कमलेशने सुटे भाग आणून मला कळव्याच्या घरात जोडलं. चालू झालो की मी तापायचो, पंखे घरघरायचे. त्याची मुलगी दिशा तेव्हा पाळण्यात होती. ती दचकून रडायची, आणि तिची आई कल्पिता माझ्याकडे सवतीकडे बघावं तशी बघायची.

माझं काम सांगतो. आमच्या चलनाला बँक नाही, साहेब नाही. जगभर हजारो यंत्रं आणि प्रत्येकाकडे तीच हिशेबवही. थोड्या थोड्या वेळाने तिला नवं पान जोडायचं. ते कोणी लिहायचं? प्रत्येकाने आपल्या पानाला जुळणारा एक अवघड आकडा शोधायचा. आकडे लावत राहायचं, दुसरी युक्ती नाही. ज्याला आधी सापडेल त्याचं पान, आणि बक्षिसाचं नवं चलनही त्याचं. बाकीचे ते तपासतात आणि पुढचं पान त्याच्यावर चढवतात. मागून येणारे असे त्यावर उभे राहिले, की ते पान खरं.

बाकीचे टोळीने शोधत आणि मिळेल ते वाटून घेत. कमलेश एकटाच शोधायचा. नोकरीही सोडलेली.

"एकदा तरी काही खरं करून दाखव, मग बोलव मला," असं म्हणून कल्पिता पोरीला घेऊन आंबिवलीला माहेरी गेली.

आणि एका दुपारी मला आकडा लागला.  कमलेशने कल्पिताला फोन लावला.

"आपलं पान लागलं गं."

"थट्टा नको करू."

"आईशपथ."

"आईची तर तू रोज घेतोस. दिशाची घे."

त्याने परत एकदा बघून घेतलं. पडद्यावर माझं पान होतं, सगळ्यांत वर.

"दिशाची शपथ."

"बरं. निघते मी."

वर आणखी काही पानं चढेपर्यंत थांबायचं असतं, हे त्याला माहीत होतं. पण त्याचा धीर सुटला. त्याच्या आईने, सगुणाने, गावदेवीला नारळ फोडला आणि गल्लीत खोबरं वाटलं.

नेमक्या त्याच वेळी दूर कुठल्या तरी यंत्रालाही आकडा लागला होता. दोन पानं, दोन्ही बरोबर. काहींकडे माझं आधी पोचलं, काहींकडे त्याचं. आमच्यात अशा वेळी भांडण नसतं. ज्याच्यावर पुढची पानं आधी चढतील, ते राहतं. त्याच्यावर एक चढलं, मग आणखी एक. माझ्या बाजूचे सगळे तिकडे गेले. मीही गेलो. आमचा नियमच तसा आहे.

कमलेशने फोन हातात घेतला आणि परत ठेवला.

कल्पिता दिशाला कडेवर घेऊन दारात आली. शेजारणीने दिलेलं खोबरं तिच्या हातात होतं.

"दाखव."

"होतं गं. आता नाय."

"नाय म्हणजे?"

"सगळ्यांनी दुसऱ्याचं धरलं. पण मी बोललेलो तेव्हा खरं होतं."

"खरं होतं तर गेलं कसं?"



"अगं, बस तरी," सगुणा म्हणाली. "पोरीला पाणी पाज."

"पैशाचं काय नाय, आई. यानं पोरीची खोटी शपथ घेतली."

तिने खोबरं खिडकीत ठेवलं आणि आली तशी गेली.

दुसऱ्या दिवशी कमलेशने माझी वायर काढली. आकडे लावणारी माझी कार्डं कधीच विकली गेली. डिस्क तेवढी उरली आहे. त्यात ते टाकून दिलेलं पान अजून आहे, वेळेसकट. उद्या जगन ती पुसणार आहे, गिऱ्हाईक ठरलंय.

तुम्ही कधी आंबिवलीला गेलात तर कल्पिताला भेटा. परत नांदायला जा असं सांगू नका, ते तिचं तिने ठरवावं. एवढंच सांगा, की शपथ घेतली तेव्हा पान होतं, कमलेश खोटं बोलला नाही. आणि एकटे जाऊ नका. दोघा-तिघांनी जाऊन सांगा. एकट्याचं कोणी धरत नाही.