एका ओसरीचे उमेदवार

धाकट्याने कापडावर खडूची रेघ ओढली, कात्री उचलली, आणि तेवढ्यात दुकानासमोर मोटार थांबली. मोटार ओळखीची होती. निवडणूक लागली की ती यायची, निकाल लागला की दिसेनाशी व्हायची. धाकट्याने कात्री खाली ठेवली नाही.

कंत्राटदार आत येऊन गिऱ्हाइकांच्या बाकावर ऐसपैस बसला.

"ऐकलं असशील."

"काय?"

"गिरणीवाल्याच्या पक्षाने तुझ्या वहिनीला उभं करायचं ठरवलंय."

कात्री कापडात शिरली होती. ती रेघेवरून ढळली नाही, पण जिथे थांबायचं तिथे थांबलीही नाही. बोटभर पुढे गेली. धाकट्याने तो काप अंगठ्याने दाबून धरला, जणू दाबला तर सांधला जाईल.

"थोरल्यावरची माती अजून ओली आहे," तो म्हणाला.

"म्हणूनच. लोकांचे डोळे कोरडे व्हायच्या आत मतं घ्यायची असतात. पण बाईला चारचौघांत बोलता येत नाही. या वेळेला तुझा नंबर लागतोय, मी सांगतो."

हे कंत्राटदार दर वेळी सांगायचा.

हा मतदारसंघ आदिवासींसाठी राखीव झाला तेव्हा दोन्ही पक्षांची मोठी पंचाईत झाली होती. तोवर कधी गिरणीवाला निवडून यायचा, कधी कंत्राटदाराचा बाप. डोंगरातल्या लोकांनी मत द्यायचं आणि घरी जायचं. आता उमेदवारच डोंगरातला हवा होता, आणि शक्यतो लिहितावाचता येणारा, म्हणजे सही कुठे करायची ते दर वेळी दाखवावं लागणार नाही. त्या काळी साऱ्या डोंगरपट्ट्यात शाळेची शेवटची परीक्षा पास झालेले दोघेच होते, आणि ते सख्खे भाऊ निघाले. गिरणीवाल्याची मोटार आधी पोचली, म्हणून त्याला थोरला मिळाला. कंत्राटदाराची मोटार वाटेत चिखलात रुतली होती. त्याच्या वाट्याला धाकटा आला.

आई तेव्हा होती. ती म्हणाली, "दोघांतला एक कुणीतरी जिंकणारच ना? मग जिंकेल तो घरातलाच."

थोरला जिंकला, आणि मग जिंकतच राहिला. धाकटा दर वेळी पडला. कधी सपाटून, कधी थोडक्यात. एकदा वर कुठेतरी दोन्ही पक्षांचं जमलं, तेव्हा धाकट्याला निरोप आला की या वेळी घरी बस. तो घरी बसला. तसाही शिंपीच, थोरल्याचे प्रचाराचे शर्ट नेहमी तोच शिवायचा, त्या वर्षी जरा निवांतपणे शिवले एवढंच. लोक म्हणायचे, कुणीही निवडून येवो, चहा एकाच चुलीवर उकळायचा आहे.

थोरला सभागृहात फारसा बोलला नाही. गिरणीवाला सांगेल तेव्हा हात वर करायचा. रस्ता झाला तो गिरणीपर्यंत आला आणि संपला. पूल झाला तो कंत्राटदाराच्या दगडखाणीच्या बाजूला. बांधले दोन्ही त्यानेच. त्याच्या पक्षाचा उमेदवार पडला तरी त्याचं काही अडलं नाही.

दर निकालाच्या संध्याकाळी गर्दी पांगली की थोरला गळ्यातले हार खुंटीला अडकवून ओसरीच्या धाकट्याच्या अर्ध्या भागात येऊन बसायचा. ओसरी एकच होती, मधे फक्त एक खांब. बोलायचा काही नाही. बसायचा आणि उठून जायचा. इतक्या वर्षांत दोघा भावांत वाद म्हणावा असा झाला नव्हता. पण एकत्र बसून जेवणंही हळूहळू थांबलं होतं, आणि ते नेमकं कधी थांबलं ते कुणालाच सांगता आलं नसतं.

त्या संध्याकाळी वहिनी खांबापाशी येऊन उभी राहिली. धाकट्याची बायको तांदूळ निवडत होती. तिने जाऊबाईंसाठी पाट सरकवला, पण वहिनी बसली नाही.

"भाऊजी, मी हो म्हटलं नव्हतं. गिरणीवाले आले आणि म्हणाले, वरून मंजूर झालंय."

"माझंही पहिल्यांदा तसंच झालं होतं."

"रागावलात?"

"राग कसला."

धाकट्याची बायको सुपातून मान वर न काढता म्हणाली, "दोघं मिळून नाही म्हणा ना. जाऊ देत त्यांना दुसरीकडे."

"जातील की," धाकटा म्हणाला. "आता शिकलेले पुष्कळ झालेत. पोरं रांग लावून उभी आहेत."

तो हे जरा घाईने बोलला. बायकोने वर पाहिलं. मग पुन्हा सूप हलवायला लागली. वहिनीने पदर सारखा केला आणि ती आपल्या भागात गेली. धाकट्याला जिंकायचं होतं. इतक्या वर्षांत हे त्याने कधी तोंडाने म्हटलं नव्हतं, आजही म्हटलं नाही. पण ओसरीवरच्या तिघांनाही ते एकाच वेळी कळलं होतं.

पहिल्या सभेत वहिनीच्या हातात माईक दिला तेव्हा तिला शब्द फुटेना. ती समोर बघत राहिली आणि तिचे डोळे भरून आले. लोक हळहळले. गिरणीवाला खूश झाला. म्हणाला, हेच करायचं, सगळीकडे हेच. दुसऱ्या सभेत ती रडली नाही. बोललीही नाही. समोर बसलेल्या एका म्हातारीला तिने विचारलं, "तुम्ही कुठून आलात?" म्हातारी म्हणाली, वरच्या वस्तीतून. सभा संपल्यावर वहिनी मोटारीत बसायच्या ऐवजी त्या म्हातारीबरोबर चालू लागली.

मग रोज काही ना काही कानावर यायचं. तुमच्या वहिनी वरच्या वस्तीत मुक्कामाला राहिल्या. तुमच्या वहिनी नदीपलीकडे गेल्या, तिकडे कुणी जातं का? गिरणीवाला वैतागला होता. तिकडे मतं किती, चपला झिजतात किती, असं तो चारचौघांत म्हणाला. धाकटा ऐकून घ्यायचा आणि आपल्या सभेला जायचा. त्याची सभा नेहमीच्या चौकात, नेहमीच्या वेळेला, कंत्राटदाराच्या नेहमीच्या ट्रकवर व्हायची. भाषणही नेहमीचंच. फक्त 'माझे थोरले बंधू' हे शब्द आले की तो आता थांबायचा, आणि लोकांना वाटायचं गळा दाटला.

धाकटा निवडून आला.

कंत्राटदाराने त्याला ट्रकवर चढवलं, स्वतः शेजारी उभा राहिला आणि माईकवरून प्रथमच त्याला 'तुम्ही' म्हणाला. ढोल, फटाके, हार. मिरवणूक अंगणात शिरली आणि सवयीने थोरल्याच्या दाराकडे वळली. पुढचे चारपाच जण दारापाशी पोचून थबकले, एकमेकांकडे बघून कसनुसे हसले, आणि सगळा लोंढा खांबाच्या अलीकडे आला. चहा वहिनीनेच केला. कपबशा पुरेनात, तेव्हा तिने पेले काढले. कुणी तिच्याशी काय बोलावं ते न सुचून "चहा छान झालाय" म्हणत होतं. ती "साखर पुरली ना?" विचारत होती.

जाताना कंत्राटदार धाकट्याच्या कानाला लागला. "उद्या सकाळी ये. खाणीच्या रस्त्याचं पहिलं काढू." कानात तो पुन्हा 'तू'वर आला होता.

"बरं," धाकटा म्हणाला.

गर्दी पांगली. उजेड अजून होता. अंगणात फटाक्यांचे कागद पसरले होते आणि धाकट्याची बायको ते झाडून एका बाजूला करत होती. धाकट्याने हार काढून खाटेवर टाकले. मग तो खांबाच्या पलीकडे गेला आणि ओसरीच्या कडेला, पाय खाली सोडून बसला. वहिनी पेले विसळत होती. तिने वळून पाहिलं, हात पुसले आणि थोडं अंतर ठेवून बसली.

"हे यायचे तुमच्याकडे," ती म्हणाली. "काय बोलायचे?"

"काही नाही. बसायचे."

"मग बसा."

दोघं बसली. झाडूचा आवाज येत राहिला.

"भाऊजी, वरच्या वस्तीतला दवाखाना बघितलाय तुम्ही?"

"बाहेरून. उद्घाटन झालं तेव्हा."

"आताही बाहेरूनच बघावा लागतो. कुलूप असतं. नर्सबाई वाट कोरडी असली तर येतात. सभेहून मी जिच्याबरोबर चालत गेले ना, त्या म्हातारीची सून झोळीतून खाली आणताना वाटेत गेली. मूल पोटातच होतं." ती हे सांगताना आवाज चढवत नव्हती. "मी म्हातारीला म्हटलं होतं, निवडून आले तर आधी हे बघीन."

"बघतो मी."

"हेही 'बघतो'च म्हणायचे," ती म्हणाली. "घरातही आणि बाहेरही."

धाकट्याने मान खाली घातली. त्याच्या सदऱ्याला रंगाचा डाग पडला होता. तो नखाने खरवडत बसला.

"पुढच्या वेळेला मी उभी राहणार आहे," वहिनी म्हणाली.

"गिरणीवाले म्हणाले?"

"त्यांना कशाला माहीत असायला हवं? ते आज आलेसुद्धा नाहीत. कुठल्याच पक्षाने नाही दिलं तर अशीच उभी राहीन." ती किंचित हसली. "आता मला बोलता येतं. आणि दवाखान्याला तेव्हाही कुलूप असलं, तर बोलायला विषयही आहे."

धाकट्याचं नख डागावर थांबलं. एवढ्या निवडणुकांत त्याच्या घरातून उमेदवार उभे केले गेले होते. आपण होऊन कुणी उभं राहिलं नव्हतं. तो वहिनीकडे बघत राहिला, एखाद्या नव्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसा.

अंगणातून बायकोने विचारलं, "कंत्राटदारांकडे जायचंय ना उद्या? लवकर उठवू का?"

"उठव," धाकटा म्हणाला. मग काही वेळाने वहिनीला म्हणाला, "वरच्या वस्तीची वाट कुठून लागते?"

वहिनीने त्याच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांचा उमेदवार, आणि वाट विचारत होता. पण ते ती बोलली नाही.

"नदीवरून," ती म्हणाली. "मोटार जात नाही तिकडे. चपला धड घाला."