पाच नंबरचे डबे

आईचं मनगट मोडल्याला दहा आठवडे झाले होते आणि सोमवारी ती पुन्हा कामावर जाणार होती. ती वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर बसते. पुस्तकावर तारखेचा शिक्का मारायचा, कार्डावर नंबर लिहायचा, पुढच्याला बोलवायचं. प्लास्टर निघालं होतं, पण उजव्या बोटांत जोर नव्हता. ग्रंथपालांनी फोनवर फार गोड आवाजात सांगितलं होतं, "एक दिवस बघू. नाही जमलं तर आत बसा, पुस्तकांना कव्हरं घाला." आत म्हणजे खिडकी नसलेली खोली. आणि आईला तर माणसांशिवाय चहासुद्धा गोड लागत नाही.

बाबा वजनकाटे दुरुस्त करतात. काळजी वाटली की ते बोलत नाहीत, काहीतरी बनवायला घेतात. शनिवारी त्यांनी ओट्याखालून दह्याचे रिकामे डबे काढले, एक लोण्याचा चपटा, एक आइस्क्रीमचा चौकोनी. पेनांना डबा, शिक्क्याला घर, कार्डांना पेटी, असा आईच्या टेबलाचा सेट ठरला. त्यांनी सगळं हिरवं रंगवलं.

रविवारी सकाळी रंग डब्यावरून अख्खा सोलून निघाला, संत्र्याच्या सालीसारखा. बाबा ती साल हातात धरून बसले.

"रंगवाल्याने फसवलं."

"रंगाचा दोष नाही, बाबा. डबा उलटा करा. त्रिकोणात पाच आकडा आहे ना? त्या प्लास्टिकला काही चिकटून राहत नाही. ना रंग, ना गोंद."

"म्हणजे तुझा काका. तीन नोकऱ्या केल्या, एकीलाही चिकटला नाही."

मी नुकतीच पदवी घेऊन प्लास्टिक तपासायच्या प्रयोगशाळेत लागले आहे, त्यामुळे घरात अशा विषयावर माझा शब्द शेवटचा. चिकटवायचं नाही, जखडायचं, असं मी जाहीर केलं. डब्यांच्या तळाला भोकं पाडून नट-बोल्टने ते एका फळीवर आवळले. फळी सरकू नये म्हणून खाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे लावले. जुन्या पडद्याचं निळं फुलाफुलांचं कापड मापात शिवून प्रत्येक डब्यावर मोज्यासारखं ताणून चढवलं.

मग खरी मजा. बाबांनी स्प्रिंगकाटा आणला आणि दुकानातला तेवढाच एक शिक्का. शिक्का त्याच्या घरातून किती ओढीने सुटतो ते मोजायचं आणि सैल करत जायचं. बाबा आईच्या उंचीच्या खुर्चीवर बसून उजवा हात पुढे करत होते, मी वहीत आकडे लिहीत होते. प्रत्येक माप तीनदा.

"चौथ्यांदा घेऊ या का?" मी विचारलं.

"प्रबंध लिहितेस का?" बाबा म्हणाले, पण त्यांनी घेतलं.

संध्याकाळी आईला बोलावलं. ती खुर्चीवर बसली. "हा पडदा मी दोन वर्षं शोधतेय," म्हणाली आणि शिक्क्याकडे हात नेला. डावा हात. तो फळीवरून आडवा उजवीकडे गेला, कोपर पेनांच्या डब्याला लागलं आणि चार पेनं गडगडत जमिनीवर गेली.

"अगं, उजव्या हाताने घे. तुझ्या उजव्या हातासाठीच केलंय सगळं," बाबा म्हणाले.

"उजव्याने उचलता येतो हो. दाबता येत नाही. दाबला नाही तर तारीख काय उमटणार?"

ती आत जाऊन वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन आली. प्रत्येक पानाच्या कडेला आकडेच आकडे. सुरुवातीचे कोंबडीचे पाय, नंतर जरा सरळ, कालचे तर माझ्यापेक्षा बरे. दुपारी आम्ही बाहेर असताना ती रोज डाव्या हाताने गिरवत होती.

"सांगितलं का नाहीस?" मी म्हटलं.

"जमेपर्यंत काय सांगायचं? आणि तुम्ही विचारलंत कुठे? सकाळपासून काटे लावून बसलाय. मी तिकडे डाव्या हाताने मटार सोलतेय, कुणी मान वर करून पाहिलं?"

आमच्या वहीत छत्तीस आकडे होते. बाबांनी ती मिटली, पाना घेतला आणि बोल्ट सोडवायला बसले. मी आईच्या हातात खडू दिला. तिने डावा हात सहज फिरवला तसा फळीवर एक अर्धगोल उमटला. डबे त्या रेषेवर आले.

सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी वाचनालयात गेले. दारातच बाबा भेटले.

"तुम्हाला दुकान नाही का आज?"

"तुला प्रयोगशाळा नाही का?"

आम्ही मुकाट रांगेत उभे राहिलो. ग्रंथपाल कपाटाशी कव्हरांचा गठ्ठा हातात घेऊन आईच्या हाताकडे बघत होते. आईचा वेग कमी होता. पण शिक्का अडत नव्हता, पेन शोधावं लागत नव्हतं, आणि रांगेतल्या प्रत्येकाला मनगट कसं मोडलं हे तिच्याकडूनच ऐकायचं होतं. थोड्या वेळाने ग्रंथपाल गठ्ठा घेऊन स्वतःच आत गेले.

बाबांनी हाताला लागेल ते पुस्तक उचललं होतं. 'बाळाची पहिली दोन वर्षं'. आईने पुस्तक पाहिलं, बाबांना पाहिलं, चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाही. शिक्का दाबला. तारीख किंचित तिरकी पडली, पण शेवटचा आकडासुद्धा स्वच्छ होता.

"चौदा दिवसांत परत करा."

बाबा तारखेकडे बघत तिथेच उभे राहिले.

"साहेब," आई म्हणाली, "मागे रांग आहे."