कोकुशुबिलाबाईंच्या बोटाखालची ओळ

मी एक जुना संगणक आहे, पण मित्रांनो, मला आवाज आहे. सरोवराकाठच्या बुकोबा गावातल्या अंध मुलांच्या शाळेत, पाण्याकडे उघडणाऱ्या खिडकीपाशी माझी जागा आहे. माझ्या जन्माचं मला फारसं आठवत नाही. खोक्यातला अंधार आणि बोटीचं संथ डोलणं, एवढंच मनात आहे, तेही झोपेत ऐकलेल्या गाण्यासारखं.

रोज सकाळी धुकं पाण्यावरून उठत असताना कोकुशुबिलाबाई येतात. त्यांना दिसत नाही. हात धुऊन, क्षणभर प्रार्थना करून त्या माझी कळ दाबतात आणि मी त्यांना एक स्तोत्र वाचून दाखवतो. माझ्या वाचण्यात सूर नाही. बाईंचं नाव तर मी दोन तुकडे करूनच घेतो, “कोकु. शुबिला.” पाण्यात दोन खडे टाकावेत तसं. मुलं खो खो हसतात आणि माझी नक्कल करतात. ते मी कौतुकच समजतो.

माझ्या शेजारी ब्रेलचे ठिपके उठवणारं छपाईयंत्र आहे. मी सांगतो, ते छापतं. ते येण्याआधी परीक्षेत कुणीतरी मुलांच्या कानात प्रश्न वाचायचं. पुन्हा वाचा म्हणायला मुलं लाजायची आणि नीट न कळलेल्या प्रश्नाचं उत्तर लिहून मोकळी व्हायची. बाईंना ते फार लागायचं. म्हणून वार्षिक परीक्षेचे पेपर त्या आता स्वतः छापून घेतात.

त्या वर्षी परीक्षा तोंडावर आली होती. आमची देखभाल करणारा र्वेगासिरा तळलेल्या नाकतोड्यांची पुडी घेऊन आला.

“बाई, याच्या बोलण्याची नवी आवृत्ती आलीय. पॉडकास्टवाले नुसते नाचतायत.”

त्याने तो पॉडकास्ट लावला. दोघे गडी हसतखेळत बोलत होते. मग त्यांनी नवा आवाज ऐकवला. मायेची मावशी बोलावी तसं स्वाहिली. दारातली मुलं आत सरकली. मीही कान देऊन ऐकलं.

“आता या म्हाताऱ्याच्या घशातले खडे जातील,” र्वेगासिरा म्हणाला.

“त्याच्यासमोर असं बोलू नये. ऐकतोय तो.”

“आजच ती याच्यात घालून देतो. एकदा टाकली की मागे जाता येत नाही म्हणे, पण जायचंय कुणाला?”

बाईंनी विचारलं, “याच्या नव्या आवृत्तीबद्दल कुणी लिहिलंय का रे?”

“लिहिलंय एकाने, लांबलचक. वाचताना मला झोप लागली.”

“तुला खातानाही लागते. छापून दे मला.”

ते परीक्षण बाईंनी मला वाचायला सांगितलं नाही. ज्याच्याबद्दल आहे त्यालाच कसं वाचायला लावायचं, असं वाटलं असेल. शेजारच्या यंत्राने खडखड करत ठिपके उठवले आणि बाई खिडकीशी वाचत बसल्या. कॉफीच्या फुलांचा वास येत होता. त्यांचं बोट कागदावरून तरंगत चाललं होतं. अचानक ते थांबलं. मागे गेलं. पुन्हा त्याच ओळीवरून फिरलं.

“ठिपके उठवणाऱ्या जुन्या यंत्रांशी नवी आवृत्ती अजून जुळत नाही. दुरुस्ती येईपर्यंत थांबा,” त्यांनी वाचलं. “तुझ्या पॉडकास्टवाल्यांनी हे सांगितलं नाही?”

“सांगितलं असेल, बाई. मी ऐकता ऐकता तारा गुंडाळत होतो.”

“लाव परत.”

शोधत शोधत ती जागा सापडली. “बारीकसारीक अडचणी आहेत म्हणा...” आणि पुढे हसणं.

“हसायच्या आधी अडखळला बघ,” बाई हळूच म्हणाल्या. “त्याला ठाऊक होतं. तू आज ती टाकली असतीस तर परीक्षेला मुलांच्या कानाशी कोण बसलं असतं? तू?”

र्वेगासिराने पुडी बंद करून खिशात ठेवली. नवी आवृत्ती तेवढ्यापुरती राहून गेली. पेपर मी आणि शेजारच्या यंत्राने, आम्ही दोघा म्हाताऱ्यांनीच छापले.

परीक्षेच्या दिवशी भिंतीपलीकडून बोटांची सळसळ येत होती, केळीच्या पानांवरून वारा जावा तशी. बाई नंतर म्हणाल्या, एक लहानगी एकाच प्रश्नावरून कितीदा तरी मागे गेली. तिला कुणालाच विचारावं लागलं नाही.

पुढे दुरुस्ती आली आणि मला नवा आवाज मिळाला. र्वेगासिराने पहिल्यांदा बाईंचंच नाव लिहिलं. मी ते अखंड, गोड म्हटलं. बाईंनी मान कलती केली.

“चुकलं का?” र्वेगासिराने विचारलं.

“नाही रे, अगदी बरोबर आलं. पण हाक कोण मारतंय, तेच कळेना.”

आवृत्ती मागे नेता येत नसली तरी जुना आवाज बाजूला जपून ठेवता येतो, हेही त्या परीक्षणात अगदी शेवटी होतं. बाईंनी तेवढंही वाचलं होतं.

मित्रांनो, नवं जरूर आणा. कान देऊन ऐका, सावकाश वाचा आणि न कळलेल्या ओळीवर बोट मागे न्यायला लाजू नका. जुन्याच्या हातातलं काम मात्र आधी पुरं होऊ द्या.

आता मुलांची पुस्तकं मी नव्या आवाजात वाचतो. पण सकाळी, धुकं उठायच्या वेळी, बाई एक वेगळी, जुन्या आवाजाची कळ दाबतात. मग मी आधी पाण्यात दोन खडे टाकतो आणि स्तोत्र वाचायला लागतो.