ताईचा डावा गुडघा

विमा कंपनीत खोटे दावे पकडण्यात ज्याची उमेदीची सगळी वर्षं गेली, त्या माणसाने स्वतः खोटं बोलायची वेळ आली तेव्हा निदान थोडं सफाईने बोलायला हवं होतं. पण तपासनिसाला तेवढंही जमलं नाही.

घरात त्याला सगळे तपासनीसच म्हणायचे. कोणाची पाठ खरंच दुखते आणि कोणाची फक्त अर्जावर दुखते, हे माणूस खुर्चीत कसा बसतो त्यावरून आपल्याला कळतं, असं तो लग्नकार्यात चारचौघांना ऐकवायचा. त्याची थोरली बहीण समोर असली की म्हणायची, "तू आधी नीट बस." ही ताई शाळेत खेळाची शिक्षिका होती. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी ती रस्त्याने अशी चालायची, जणू मागे पन्नास मुलींची रांग आहे.

त्या ताईने पायी यात्रेला जायचं ठरवलं. दूरचं तीर्थ, वाट डोंगरातून. "या वयात तुला एकटीला कसं सोडू?" असं म्हणून तपासनीस बरोबर निघाला. चालायचं तिने आणि व्यवस्था बघायची याने, अशी वाटणीही त्यानेच केली. वाटेत पथारी टाकायला जागा कुठेही मिळायची. पंचाईत शेवटच्या गावाची होती. हंगामात तिथे खोली मिळणं महाकठीण. बऱ्याच फोनाफोनीनंतर त्याला एक बाई सापडल्या, ज्या राहत्या घरातल्या वरच्या दोन खोल्या यात्रेकरूंना द्यायच्या.

"गुरुवारी दुपारी नक्की का?" बाईंनी विचारलं. "नाही आलात तर मला थांबता येणार नाही. लोक दारात उभे असतात."

"आमचं सगळं घड्याळावर असतं," तपासनीस म्हणाला.

घड्याळाचा काही दोष नव्हता. दोष बुटांचा होता. बूट त्याने फार अभ्यास करून घेतले होते. दुकानदाराला त्याने तळव्यांच्या शिलाईबद्दल इतकं विचारलं, की शेवटी तो बिचारा चहा प्यायला निघून गेला. "महिनाभर घरात घालून फिर," असं ताईने बजावलं होतं. पण नवे कोरे बूट घरात घालून मळवणं त्याच्या जिवावर आलं. दुसऱ्याच दिवशी डाव्या टाचेला फोड आला. त्यानंतर त्याला निसर्गाची फार आवड निर्माण झाली. दिसेल त्या बाकावर, दगडावर, पुलाच्या कठड्यावर बसून तो दरी न्याहाळायचा. ताई पुढच्या वळणावर कमरेवर हात ठेवून उभी असायची. 

गुरुवार हातातून जाणार हे दिसू लागलं, तसा त्याने ताई पुढे गेल्याचं बघून बाईंना फोन लावला.

"आम्हाला थोडा उशीर होईल."

"मग खोली देऊन टाकते," बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, नुसता व्यवहार होता.

"तसं नाही, आमच्या ताईचा गुडघा..." तपासनिसाच्या तोंडून निघून गेलं. पुढे काय बोलायचं ते त्याने ठरवलं नव्हतं, पण तोंड थांबेना. "डावा. उतारावर पाय मुरगळला. सूज आहे. वय झालंय हो, पण ऐकत नाही. हळूहळू घेऊन येतोय."

 पलीकडून एकदम वेगळा, मऊ आवाज आला. "अगं बाई. माझ्या आईचं अगदी असंच होतं. तुम्ही सावकाश या. खोली कुठे जात नाही."

फोन ठेवल्यावर त्याला हायसं वाटलं. लाजही वाटली, पण नंतर, आणि कमी. खोटं बोलणारा माणूस नको तेवढे तपशील देतो, हे त्यानेच नव्या पोरांना शिकवलं होतं. डावा, उतारावर, सूज. त्याच्यापुढे असा दावा आला असता तर त्याने तो चहाचा कप खाली ठेवायच्या आत फेटाळला असता.

पण बाई तपासनीस नव्हत्या. त्या रोज संध्याकाळी फोन करून विचारू लागल्या, "आज सूज कशी आहे?" तोही सांगू लागला. आज जरा उतरलीय. आज पुन्हा चढलीय. पाला बांधलाय. एकदा तर त्याने ताईला रात्रभर कण्हायला लावलं. ताई तेव्हा झऱ्यावर कपडे पिळत शीळ वाजवत होती.

शेवटच्या दिवशी गाव दिसताच ताईने पावलं आणखी उचलली. तपासनीस लंगडत गल्लीच्या तोंडाशी पोचला, तेव्हा ती बाईंच्या दारात उभी राहून बोलत होती, आणि दाराशी एक चाकांची खुर्ची होती.  खुर्ची पाहताच त्याला पळून जावंसं वाटलं, पण पळायला टाच धड हवी.

"तुम्ही पुढे आलात का? आणि गुडघा सुजलेल्या त्या ताई?" बाई विचारत होत्या. "भाऊ उचलून आणतायत की काय त्यांना?"

ताईने वळून भावाकडे पाहिलं. मग खुर्चीकडे. शाळेत दांडी मारलेल्या मुलीला बघावं तसं पुन्हा भावाकडे. तो जवळ आल्यावर तिने अगदी हळू विचारलं, "गुडघा कुठला?"

"डावा."

ताईने डाव्या गुडघ्यावर हात ठेवला, "आई गं" म्हटलं आणि खुर्चीत बसली. "चांगलं वाटतंय असं दाखवत होते हो," ती बाईंना म्हणाली. "याला काळजी नको म्हणून."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्यांनी तळमजल्यावरची खोली तयार ठेवली होती. न्हाणीघरात बसायला स्टूल, उशाशी पाणी, आणि हाक मारावी लागू नये म्हणून एक पितळी घंटी. "साहेब, तुमची खोली वर आहे," त्या म्हणाल्या. "अगदी गच्चीला लागून. हवा छान येते."

तपासनीस कठड्याला धरून एकेक पायरी चढला. बूट काढून पलंगावर अंग टाकतो न टाकतो, तोच खालून घंटी वाजली. तो उतरला. ताईला चष्मा हवा होता. चष्मा तिच्या डोक्यावर होता. तो वर गेला. पुन्हा घंटी. खिडकी थोडी लावायची होती. पुढच्या वेळी तीच खिडकी थोडी उघडायची होती.

"भाऊ मिळावा तर असा," बाई जिन्याखालून म्हणाल्या.

हे ऐकून तो खाली मान घालून उतरला, म्हणून त्याला ते दिसलं. जिन्याखालच्या बोळात शिवणयंत्राच्या मागे एक गादी गुंडाळून ठेवली होती. तिच्यावर उशी आणि बाईंची औषधाची डबी.

"कोणी पाहुणे यायचेत का?"

"पाहुणे कुठले? मीच. ती खोली माझी आहे. वरच्या दोन्ही खोल्यांना जिना चढायचा, त्यांना कसं जमणार?" बाई अगदी सहज म्हणाल्या आणि टॉवेलांच्या घड्या करू लागल्या.

तपासनीस तिथेच पायरीवर बसला. "बाई, ताईच्या गुडघ्याला काही झालेलं नाही," तो म्हणाला. "कधीच झालं नव्हतं. माझ्या टाचेला फोड आलाय. बूट नवे होते."

बाईंच्या हातातली घडी तशीच राहिली. "म्हणजे सूज..."

"नव्हती."

"मी रोज विचारत होते हो," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही सांगतही होतात."

 इतकी वर्षं तो टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसत आला होता. या बाजूला बसलेली माणसं हाताची बोटं का मोडत राहतात, ते त्याला आत्ता कळलं. तोही मोडत होता.

आतून ताई दोन्ही धडधाकट पायांनी चालत बाहेर आली. "मला वाटलं, जेवणापर्यंत तरी टिकशील," ती भावाला म्हणाली. मग ती बाईंच्या जवळ गेली. "त्याच्यात मीही सामील झाले. चुकलंच माझं. तुमची खोली आधी ताब्यात घ्या." आणि बाई नको नको म्हणत असताना तिने आपली पिशवी खांद्यावर टाकली, गादी उचलून आत नेऊन घातली आणि जिना चढून वर गेलीसुद्धा.

जेवताना बाई ताईशी बोलल्या. तपासनिसाला त्यांनी वाढलं, दोनदा वाढलं, पण त्याच्याकडे पाहिलं नाही. त्याने पानात काही टाकलं नाही. एरवी तो अन्नाच्याही चुका काढायचा.

सकाळी टाच फुगून लाल झाली होती. बूट पायात जाईना. सगळी वाट चालून आलेला माणूस, तीर्थ दोन गल्ल्यांवर असताना, जिना बसून बसून उतरत होता. खाली बाई उभ्या होत्या.

"हेही नाटक का?"

त्याने नुसता पाय पुढे केला. बाईंनी वाकून पाहिलं आणि चेहरा वाकडा केला. मग त्यांनी कोमट पाण्याचं घमेलं आणलं, टाच धुतली, स्वच्छ फडकं बांधलं. बांधताना गाठ मुद्दाम आवळली की चुकून, ते त्याला समजलं नाही.

"खुर्ची संध्याकाळी दवाखान्यात परत द्यायची आहे," त्या म्हणाल्या. "मागून आणलीय तर वापरा. बसा."

"पायी यात्रा आहे ही," तो म्हणाला. "शेवटचं एवढंसं अंतर मी..."

"बस," ताई म्हणाली. तो बसला.

ताईने खुर्ची ढकलली ती तिच्या नेहमीच्या वेगाने. गल्लीतले लोक भिंतीला चिकटून वाट देऊ लागले. एका आजोबांनी काठी टेकून "लवकर बरे व्हा" म्हटलं, आणि तपासनिसाने कान लाल होईपर्यंत त्यांचे आभार मानले. देवळाच्या दाराशी रांग लावणाऱ्या माणसाने खुर्ची पाहून दोर बाजूला केला.

"कधीपासून आहे हे?" त्याने हळहळत ताईला विचारलं.

"जन्मापासून," ताई म्हणाली.

तपासनिसाला हसू आलं. मग ते आवरेना. खुर्चीत वाकून, बांधलेला पाय पुढे करून, डोळ्यांतलं पाणी पुसत तो हसत राहिला. त्या माणसाला वाटलं, बिचाऱ्याला गहिवरून आलं. त्याने खुर्चीला हात लावून उंबऱ्यावरून ती अलगद आत घेतली.