दोघींच्या मधली तारीख

परदेशी जायचं वेड मुळात धाकटीचं. ताईला गल्लीच्या टोकापलीकडे जायचं म्हटलं तरी कंटाळा यायचा. पण धाकटीने एकदा मनावर घेतलं की घरातल्यांनी नुसती मान डोलवायची, हे लहानपणापासूनच ठरून गेलेलं.

दोघी बहिणी मिळून दातांची लॅब चालवायच्या. दवाखान्यांतून माणसांच्या जबड्यांचे साचे यायचे आणि त्यांवरून या कवळ्या बनवायच्या. मेणाच्या हिरड्या ताई करायची, तिचा हात हलका. घासून चकाकी आणायचं काम धाकटीचं. भिंतीवरच्या फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले असायचे. "अर्धं गाव आपल्या दातांनी जेवतं," बाबा कौतुकाने म्हणायचे, "आणि उरलेलं अर्धं आपल्याच दातांनी आपल्याला नावं ठेवतं."

लॅबच्या वरच्या मजल्यावर चौघं राहायची: बाबा, ताई, धाकटी आणि ताईची मुलगी चिमणी. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. ताईचा नवरा चिमणी रांगत असतानाच वेगळा झाला होता. त्यामुळे चिमणीला दोन आया होत्या, एक रागावणारी आणि एक रागावणारीची नजर चुकवून लाड करणारी. ती दुसरी म्हणजे मावशी.

आजोबा, म्हणजे बाबांचे वडील, तरुणपणी समुद्रापलीकडच्या देशातून कामाला आले आणि इथलेच झाले. त्या देशाचा कायदा असा होता की नागरिकाचं मूल जगात कुठेही जन्मलं तरी ते त्या देशाचं. बाबा इथे जन्मले तरी आजोबांमुळे तिकडचे. आणि बाबांमुळे आपण दोघी, असा धाकटीचा सरळ हिशोब होता. शिवाय दवाखाने आता यंत्रावर कवळ्या बनवून घ्यायला लागले होते. हातकाम आणखी पाच वर्षं टिकलं तरी खूप झालं, असं दिसत होतं. तिकडे अजून हाताने काम करणारे लागतात, असं तिने चौकशी करून पक्कं केलं होतं.

मग ती हात धुऊन कागदांच्या मागे लागली. आजोबांच्या जन्माची नोंद त्यांच्या गावच्या नगरपालिकेतून मागवायची होती. पहिल्या पत्राला उत्तरच आलं नाही, दुसऱ्याला "वर्ष कळवा" असं आलं. आजोबांच्या लग्नाचा दाखला मिळाला, तर त्यात आडनावाला एक अक्षर जास्त. लिहिणाऱ्या कारकुनाने कानाला लागलं तसं लिहून टाकलेलं. ते आणि हे आडनाव एकाच माणसाचं, यासाठी शपथपत्र. मग प्रत्येक कागदावर परदेशात चालणारा सरकारी शिक्का. धाकटीने आधी भाषांतर करून घेतलं आणि मग शिक्का मारून आणला. तेव्हा कळलं की शिक्क्याचंसुद्धा भाषांतर लागतं. सगळं पुन्हा. ती चिडली नाही. संध्याकाळच्या वर्गाला जाऊन ती त्यांची भाषा शिकत होती. वर्षभरात कपाटावर, आरशावर, बाबांच्या काठीवरसुद्धा तिकडच्या शब्दांच्या चिठ्ठ्या चिकटल्या. ताईला मात्र "नमस्कार" आणि "पाणी" याच्या पुढे काही जमलं नाही.

"तू आहेस ना बोलायला," ताई म्हणायची. "मी तुझ्या मागे उभी राहीन."

अखेर वकिलातीची वेळ मिळाली. दोघी चांगले कपडे घालून गेल्या. काचेपलीकडे चष्मा लावलेल्या एक बाई होत्या. धाकटी त्यांच्या भाषेत बोलू लागली तशा त्या खुलल्या, कुठे शिकलात वगैरे विचारलं. एकेक कागद बघून त्या तो उलटा करून बाजूला ठेवत गेल्या. बाबांनी इथलं नागरिकत्व घेतल्याचा दाखला आला तिथे त्या थांबल्या. यादीत मागितला होता म्हणून धाकटीने तो जोडला होता. माणसाला आता दोन्ही नागरिकत्वं ठेवता येतात, हे तिने वाचलं होतं. पूर्वी येत नव्हती, हे कुठे वाचनात आलं नव्हतं.

"हे तुमच्या वडिलांनी स्वतःहून घेतलं?" बाईंनी विचारलं.

"हो. का?"

बाईंनी दाखल्याशेजारी दोघींचे जन्मदाखले ठेवले. "तेव्हा दुसरं नागरिकत्व घेतलं की आमचं आपोआप जायचं. तुमच्या बहिणीचा जन्म याच्या आधीचा. म्हणजे त्या जन्मापासूनच आमच्या नागरिक आहेत, आम्ही फक्त नोंद करणार. त्यांची मुलगी अठराची व्हायच्या आत अर्ज पूर्ण झाला, तर तिचीही त्याबरोबर होईल."

"आणि मी?"

"तुमचा जन्म नंतरचा." बाईंनी तारखेवर बोट ठेवलं. "तुम्ही झालात तेव्हा वडील आमचे नव्हते."

"पण काही महिन्यांचाच फरक आहे."

"हो," बाई म्हणाल्या. "मलाही दिसतंय ते." त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "तुमची भाषा फार चांगली आहे हो," त्या म्हणाल्या.

मागे उभ्या असलेल्या ताईला एक अक्षर कळलं नव्हतं. "काय म्हणाल्या? झालं ना?" तिने विचारलं. धाकटीने सगळं उलगडून सांगितलं, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं.

घरी बाबा गुडघ्याला पट्टा बांधून खिडकीशी बसले होते. धाकटी त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसली.

"बाबा, इथलं नागरिकत्व तुम्ही माझ्या जन्माच्या आधी घेतलंत. एवढी घाई कशाची होती?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. "तुझीच," ते म्हणाले. "तुझ्या वेळी तुझ्या आईला मधेच रक्त जायला लागलं. डॉक्टर म्हणाले, बाळंत होईपर्यंत दवाखान्यातच ठेवा, नाहीतर मूल हातचं जाईल. मी पाणीखात्यात पंपावर होतो, पण हंगामी. खात्याचा दवाखाना कायम माणसांच्या बायकांनाच. आणि कायम व्हायचं तर इथलं नागरिक असायला हवं. साहेब भला होता. म्हणाला, अर्ज कर, मी मागे लागून करून घेतो. केला."

"आजोबा काय म्हणाले?"

"काय म्हणणार? बोलणंच टाकलं. तू रांगायला लागलीस तेव्हा घरात बोलायला लागले. तेही तुझ्याशीच." बाबा हसले, आणि मग तिचा चेहरा बघून त्यांचं हसू विरलं. "का गं? त्याचं काय आता?"

तिने सांगितलं. बाबांना समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा पट्टा सोडायचा, पुन्हा बांधायचा, असं करत राहिले.

"बरं केलंत बाबा," धाकटी म्हणाली.

"हो ना?" त्यांनी लहान मुलासारखं विचारलं. "केलं ना बरं?"

"नाहीतर मी इथे भांडायला असते का?" ती म्हणाली, आणि खाली लॅबमध्ये जाऊन तिने घासायचं यंत्र चालू केलं. त्या आवाजात माणूस रडला तरी वर ऐकू जात नाही.

ताईने त्याच दिवशी जाहीर करून टाकलं, फाईल बंद. "तुझ्याशिवाय मी त्या देशात करू काय? माश्या मारू? मला पाणी मागता येतं तेवढंच."

"तुझ्यासाठी नाही, चिमणीसाठी जायचं," धाकटी म्हणाली. "तिला इथे आहे काय? या कवळ्या? तिला अठरा पूर्ण झाली की तिचं दार बंद. मग मोठी होऊन तुला विचारेल, तेव्हा काय सांगशील?"

"सांगेन, मावशीला सोडून जाववलं नाही."

"माझ्या नावावर खपवू नकोस. मी कुणाच्या पायातली बेडी होणार नाही."

शब्दाला शब्द वाढला. दोघी दिवसभर एकाच टेबलाशी तोंडं फिरवून बसल्या. शेवटी ताईच नमली. धाकटीनेच चिमणीच्या बापाला गाठून त्याचं संमतीपत्र आणलं, तिच्या शाळेचे दाखले गोळा केले. बघणाऱ्याला वाटावं, काय मोठं मन आहे.

तिच्या मनाचं तिलाच ठाऊक होतं. ताईच्या लग्नाच्या दाखल्याचं भाषांतर आलं. तेवढा एकच कागद उरला होता. तो वकिलातीत नेऊन द्यायचा, बस्स. धाकटीने तो लॅबच्या खणात मेणाच्या कांड्यांखाली ठेवला. उद्या नेऊ म्हणाली. मग एका दवाखान्याची घाई निघाली. मग पाऊस होता. मग ताईने विचारलं, तर ती म्हणाली, "अजून आलं नाही." एकदा खोटं बोलल्यावर पुढे ते आपोआप जमायला लागलं. चिमणीचा अठरावा वाढदिवस जवळ येत होता. धाकटी रोज खण उघडायची, मेण काढायची, बंद करायची. मी काही फाडलं नाही ना, असं स्वतःला म्हणायची. नुसतं ठेवलंय.

एका दुपारी चिमणी वही घेऊन खाली आली. मावशीचीच जुनी पुस्तकं घेऊन ती भाषेचा अभ्यास करत होती.

"मावशी, घरच्यांबद्दल लिहायचंय. 'माझी मावशी आमच्याबरोबर राहते' हे बरोबर आहे का बघ."

धाकटीने वाचलं. क्रियापदाचं रूप चुकलं होतं, तिने दुरुस्त केलं.

"आणि तिकडे गेल्यावर 'राहत होती' करायचं ना?" चिमणीने विचारलं. तिच्या मनात काही नव्हतं, व्याकरणच विचारत होती ती. पण बोलून गेल्यावर तिलाच कळलं आणि ती मावशीच्या गळ्यात पडून हमसून रडायला लागली. "मला नाही जायचं गं. तूच नेणार होतीस ना आम्हाला?"

धाकटीने तिचं डोकं थोपटलं. प्लास्टरने पांढरे झालेले हात चिमणीच्या केसांना लागले. चिमणीला वर पाठवून तिने खण उघडला, कागद पिशवीत घातला आणि एप्रनवरच बाहेर पडली. वकिलातीचं दार बंद व्हायच्या बेतात होतं. चष्मेवाल्या बाईंनी तिला ओळखलं आणि काही न विचारता आत घेतलं.

परत आल्यावर तिने ताईला सांगून टाकलं. ताई मेण वितळवत होती. तिने दिवा विझवला.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"मी वाट बघत होते, उशीर होतोय का." ताईने डोळे पुसले. "मी म्हणत होते, हरवू दे गं देवा तो कागद. तुझ्या हातून हरवू दे, म्हणजे माझ्यावर बालंट नको."

मग का कोण जाणे, दोघी हसायला लागल्या.

नोंद झाली. चिमणीचीही झाली. जायच्या दिवशी बाबा विमानतळावर आले नाहीत. दारातच नातीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पत्ता नीट पाठ कर. हरवलीस तर सांगता आला पाहिजे." ताई तपासणीच्या रांगेत पुढे सरकत होती आणि दर दोन पावलांनी मागे वळत होती. शेवटी मागच्या माणसाने तिला हलकेच पुढे ढकललं.

तिकडे ताईला लॅबमध्ये काम मिळालं. सुरुवातीला ती रोज फोन करायची आणि शब्द विचारायची. घरमालकाला नळ गळतो कसं सांगू, पोट दुखतंय कसं सांगू. धाकटी सांगायची, ताई चुकीचं म्हणायची, पुन्हा सांगायची. मग हळूहळू शब्द विचारणं कमी झालं आणि फोनही आठवड्याने यायला लागला.

वर्षभराने ताईने चौकशी करून फोनवर सांगितलं की नागरिकाच्या आईवडिलांना तिथे राहण्याचा परवाना मिळतो. बहिणीला मिळत नाही, हे तिने सांगितलं नाही आणि धाकटीने विचारलं नाही. तिने सरळ फोन बाबांच्या हातात दिला.

बाबांनी ऐकून घेतलं. "बघतो," म्हणाले आणि फोन ठेवला.

"जा ना," धाकटी म्हणाली. "गुडघ्याचे डॉक्टर चांगले आहेत तिकडे. चिमणी आहे. मी कागद करून देते, मला आता सवय आहे."

"मला चहा ठेव," बाबा म्हणाले.

"बाबा, मी खरंच सांगतेय. माझी काळजी करू नका."

"तुझी कोण करतंय?" बाबा म्हणाले. "मला सकाळी उठल्यावर तुझ्या त्या यंत्राची घरघर ऐकायची सवय लागलीय. ती नसली तर मला वाटेल पंप बंद पडला." एवढं बोलून त्यांनी विषय संपवला. पुन्हा कधी काढू दिला नाही.

त्यानंतरच्या हिवाळ्यात बाबा गेले. ताई पोहोचली तोवर सगळं आटोपलं होतं. सुट्टी संपेपर्यंत ती राहिली, बाबांचे कपडे दोघींनी मिळून आवरले, आणि ती परत गेली.

उन्हाळ्यात धाकटी पर्यटक म्हणून तिकडे जाऊन आली. आजोबांच्या गावी जाऊन त्यांचं घर शोधलं. तिथे आता गॅरेज होतं. दुकानांत लोक तिला तिथलीच समजून पत्ते विचारायचे आणि पत्ता माहीत नसला की तिला ओशाळं वाटायचं. ताईच्या शेजारच्या बाईने विचारलं, "तुम्ही आता कायमच्या आलात?" तिने त्यांच्याच भाषेत, एकही चूक न करता सांगितलं, "नाही, पाहुणी आहे." निघताना बस थांब्यावर ताईने तिची पिशवी धरून ठेवली. बस आली तरी सोडेना. ड्रायव्हरने भोंगा वाजवला.

पुढच्या वर्षी धाकटी पुन्हा गेली. त्याच्या पुढच्या वर्षी ताईला रजा मिळाली नाही, म्हणून जाणं राहिलं. चिमणी आता फोनवर बोलताना अडली की तिकडचाच शब्द वापरते आणि तिच्या लक्षातही येत नाही. धाकटीला तो कळतो. ती ऐकून घेते.