निळ्या रेषेच्या आत

"आसाराम, तो डबा उचल आन् माज्या ओट्यावरनं खाली उतर," रतनबाई म्हणाली.

आसारामने ब्रश डब्यात ठेवला, पण तो उतरला नाही. तो पाटबंधारे खात्यात चेनमन होता. साहेब दुर्बिणीतून बघायचे आणि हा सांगितलेल्या जागी आकड्यांची उंच पट्टी सरळ धरून उभा राहायचा. बावीस वर्षं त्याचं काम एवढंच. एक्क्याण्णवच्या त्या उन्हाळ्यात प्रवरेच्या काठाने पूररेषा आखायला घेतली होती. धरणातून मोठं पाणी सुटलं तर ते कुठवर चढेल, हे मोजून निळ्या खुणा करायच्या. रेषेच्या आत नवं बांधकाम करायचं नाही, असा नियम. रतनबाईचं घर रेषेच्या चांगलंच आत होतं. मोजणीप्रमाणे तिच्या भिंतीवर पाणी माणसाच्या छातीएवढं येणार होतं.

रतनबाई त्याची थोरली बहीण. आई गेली तेव्हा आसाराम चार वर्षांचा होता. हिनेच त्याला कडेवर वागवलं. लग्न होऊन इथे आली तेव्हा त्यालाही सोबत घेऊन आली, याच घरातून शाळेत घातलं. आता ती विधवा होती. मुलाचं, योगेशचं, लग्न पारनेरच्या मुलीशी ठरलं होतं आणि मुलीकडच्यांची एकच अट होती, नवराबायकोला वेगळी पक्की खोली हवी. अंगणात विटा येऊन पडल्या होत्या.

"आक्का, मी काय माज्या मनानं करतोय का?"

"मंग मनानं कर की. ती खूण चार घरं खाली सरकीव. कोन बघतंय?"

"पट्टी मीच धरली हुती. आकडा साहेबांनी वाचला, पर मला बी दिसत हुता. पानी हितवर येतंय, आक्का."

"चाळीस वर्सं झाली मला हितं. एकदाच उंबऱ्याला लागलं. तुज्यापरीस नदी मला जास्ती ठावी हाय."

आसारामने ब्रश उचलला आणि भिंतीवर हातभर लांब निळी रेघ ओढली. वळून पाहिलं तर रतनबाई आत गेली होती आणि दार लावलेलं होतं.

नगरपालिकेने खोलीची परवानगी नाकारली. लग्न मोडलं नाही, पण योगेशने शहरात, सावेडीत भाड्याच्या दोन खोल्या घेतल्या आणि बायकोला घेऊन तो तिकडेच राहिला. तिथल्याच एका वर्कशॉपमध्ये त्याला काम होतं. सुरुवातीला तो दर रविवारी यायचा, पुढे महिन्याने, पुढे सणाला. रतनबाई एकटी राहिली. विटा अंगणात तशाच होत्या. पावसाने त्यांवर शेवाळ धरलं. कुणाला चुलीला वीट हवी, कुणाला पाण्याच्या टाकीखाली हवी, ज्याने मागितली त्याला तिने दिली.

आसाराम दर भाऊबीजेला जायचा. ती पाट मांडायची नाही. तो ओट्यावर बसायचा, आणलेली साडी दाराशी ठेवायचा. एकदा शेजारच्या बायडाबाईच्या अंगावर त्याने ती साडी ओळखली. तरी पुढच्या वर्षी तो पुन्हा साडी घेऊन गेला.

सत्त्याण्णवला फेरमोजणीचा हुकूम आला. नदीच्या वरच्या अंगाला शेतांचे प्लॉट पडले होते आणि प्लॉटवाल्यांना रेषा अडचणीची झाली होती. साहेब नवीन होते. काठाने सगळीकडे मुरमाचा भराव टाकलेला होता. साहेबांनी हाताने खूण केली, "वर चढ. तिथे धर पट्टी."

"साहेब, ही टाकलेली माती हाय. आवंदाच टाकलीये. खरी जमीन खाली हाय, पुरुषभर."

"तू मोजायला आलायस का धरायला?"

आसारामची नोकरी पाच वर्षं उरली होती. तो भरावावर चढला आणि नेहमीसारखी, जराही न हलवता, त्याने पट्टी सरळ धरली.

नवा नकाशा झाला. भरावाची उंची धरल्यामुळे रेषा नदीकडे सरकली आणि तिच्याबरोबर रतनबाईचं घरही बाहेर आलं. ते सांगायला आसाराम तिच्याकडे गेला. ती गहू निवडत होती. त्याने सांगितलेलं तिने सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी आता पानी येनार न्हाई?"

"पानी येनारच हाय, आक्का. कागद बदलला."

रतनबाईचा हात सुपात थांबला. सहा वर्षांत पहिल्यांदा तिने त्याच्याकडे नीट बघितलं. "बहिनीसाठी न्हाई सरकली तुजी रेघ. आन् त्यांच्यासाठी सरकली?"

आसाराम उभाच राहिला. तिने सूप पुन्हा पुढे ओढलं आणि म्हणाली, "जा आता. ऊन चढतंय." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटेभर वाटत राहिलं.

त्या थंडीत ती आजारी पडली. योगेश तिला सावेडीला घेऊन गेला आणि पंधरा दिवसांत ती गेली. आसाराम पोचला तेव्हा तिला खाली घेतलं होतं. योगेश त्याच्याशी एक शब्द बोलला नाही.

चैत्रात एका दुपारी त्याच्या दारात स्कूटर थांबली. योगेश होता. "मामा," तो म्हणाला. त्या एका शब्दाने आसारामचे डोळे भरून आले. त्याने बायकोला चहा टाकायला लावला, भाच्याला खाटेवर बसवलं, स्वतः खाली बसला.

योगेशला घर विकायचं होतं. गिऱ्हाईक मिळालं होतं, कर्जतहून बदलून आलेले राधाकृष्ण नावाचे शिक्षक आणि त्यांची बायको. जुनं घर पाडून तिथे ते नवं बांधणार होते. "तुमी खात्यातले हायेत, तुमच्या तोंडून त्यांना ऐकायचंय. लई बोलू नका मामा. रेषेच्या भायेर हाय, येवढंच सांगा. मलाबी सावेडीत हक्काची जागा हुईल. किती दिवस भाड्यानं राहू?"

"चल," आसाराम म्हणाला. त्याने इस्त्रीचा सदरा घातला आणि भाच्याच्या मागे स्कूटरवर बसला. उतारावर स्कूटर उसळली तसा त्याने योगेशच्या खांद्यावर हात ठेवला. योगेशने तो झटकला नाही.

शिक्षक अंगणात उभे होते. त्यांची बायको खिडक्या कुठे काढायच्या ते भिंतीला हात लावून बघत होती. "कागद आम्ही पाहिलाय," शिक्षक म्हणाले. "पण मोजणीला तुम्ही स्वतः होतात म्हणे. म्हणून विचारतो. इथे पाणी येतं का?"

"रेषेच्या भायेर हाय," आसाराम म्हणाला. योगेशने श्वास सोडला.

शिक्षकांची बायको पुढे आली. "तसं नाही विचारत, काका. माझी सासू अंथरुणावर आहे. पाणी आलं तर तिला उचलून न्यावं लागेल. खरं सांगा."

आसारामने योगेशकडे पाहिलं नाही. "येतं, ताई. मोठं पानी सुटलं की हितं छातीला लागंल. दुसऱ्या मोजनीला पट्टी मी भरावावर धरली हुती. साहेबांनी सांगितलं, पर हात माजे हुते. हितं नका बांधू."

शिक्षकांनी हात जोडले आणि ती दोघं निघून गेली.

योगेशने स्कूटर वळवली. "आईला न्हाई म्हनलात, मला बी न्हाई म्हनलात," तो म्हणाला. "एकदा तरी आमचं हुऊ द्यायचं हुतं, मामा." मग मागे न बघताच तो म्हणाला, "बसा. सोडतो."

"तू जा, बाबा. मी येतो चालत."

स्कूटर गेली. आसारामने उघडं राहिलेलं दार ओढून कडी घातली आणि तो रस्त्याला लागला. उन्हाने डांबर मऊ झालं होतं. मागून स्कूटर येतेय असं त्याला दोनदा वाटलं. दोन्ही वेळा तो कडेला होऊन थांबला, आणि दोन्ही वेळा दुसरंच कुणीतरी पुढे निघून गेलं.