यादीत नसलेलं हॉटेल

पेरुंगुडीच्या काचेच्या इमारतीत कृष्णवेणी नेमकं काय काम करते, हे तिच्या आईला, अलमेलूला, कधीच उमगलं नाही. "दिवसभर फसवणुकीच्या बातम्या वाचतेस आणि त्याचा पगार देतात? बरं बाई, देवोत." काम तसं सोपं होतं. देशोदेशीच्या ग्राहक-संरक्षण खात्यांच्या चाळीसेक वेबसाइट रोज सकाळी उघडायच्या. कोणत्या बनावट कंपनीबद्दल इशारा निघालाय ते पाहून नाव, देश, प्रकार आणि तक्रारींची संख्या तक्त्यात भरायची. महिनाअखेरीस त्याचा आलेख काढून परदेशातल्या एका बँकेला कळवायचं, की लॉटरीचे ईमेल उतरणीला लागलेत आणि नोकरीचे वाढलेत. तिच्या वरच्या राघोत्तमसाहेबांचा नियम एकच: खात्याने जाहीर केलं तेवढंच लिहा, आपली अक्कल पाजळू नका. कृष्णवेणीला हा नियम मनापासून आवडायचा. अक्कल न पाजळता बढती मिळत असेल तर कोणाला नकोय?

२००७च्या जूनमध्ये तिचा धाकटा भाऊ जनकोजी एक ईमेल छापून घेऊन आला. श्रीपेरुंबुदूरच्या मोटार कारखान्यात सहा वर्षं कंत्राटावर घासल्यावर तो नुकता कुठे कायम झाला होता. आणि आता इंग्लंडचं कुठलंसं ऑल्डरवुड मॅनर हॉटेल त्याला देखभाल विभागात बोलवत होतं. मुलाखत नाही, काही नाही. व्हिसाचा खर्च आगाऊ पाठवायचा आणि महिन्याभरात निघायचं, म्हणून इथला राजीनामा लगेच द्यायचा.

"अक्का, तू रोज हेच बघतेस की. हे नाव यादीत आहे का सांग."

कृष्णवेणीने पत्र वाचलं. हेच पत्र तिने आठ इशाऱ्यांत वाचलं होतं, आठ निरनिराळ्या हॉटेलांच्या नावाने. मजकूर तोच, व्हिसाचा खर्च तोच, घाईही तीच. दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिने यादी तीनदा चाळली. ऑल्डरवुड मॅनर कुठेच नव्हतं.

संध्याकाळी घरी आली तर अलमेलू शिऱ्यासारख्या गोड केसरीसाठी रवा भाजत होती आणि जनकोजी नकाशात लंडन शोधत होता. पत्राबद्दल बोलावं, असं कृष्णवेणीच्या अगदी ओठांवर आलं. पण चुकून हॉटेल खरं निघालं तर? भावाचं बरं होत होतं ते बहिणीला बघवलं नाही, हे जन्मभर ऐकावं लागलं असतं. आणि नियम होताच की हाताशी.

"यादीत नाही," ती म्हणाली.

"नाही ना? मग झालं!"

पुढचं सांगायला फार वेळ लागत नाही. राजीनामा गेला, पैसे गेले आणि चौथ्या आठवड्यात हॉटेलचा फोन बंद झाला. कारखान्यात त्याच्या जागी दुसरा माणूस आला होता. जनकोजी अंबत्तूरला एका छोट्या वर्कशॉपात रोजंदारीवर लागला. त्याच्या वतीने इंग्लंडच्या खात्याकडे तक्रार केली ती कृष्णवेणीनेच. दोन पानी, अगदी मुद्देसूद! तेवढं तिला झकास जमायचं.

सप्टेंबरच्या एका सकाळी इशारा निघाला. ऑल्डरवुड मॅनर हॉटेल, ब्रिटन, नोकरीचं आमिष, तक्रारी: एक. तिने ओळ भरली. राघोत्तमसाहेब मागून वाकून म्हणाले, "नवीन नाव? वा, लगेच पकडलंस." त्या क्षणी तिला स्वतःची किळस आली.

संध्याकाळी जनकोजी अंबत्तूरहून आला. तेलकट हात धूत त्याने विचारलं, "आलं का नाव?"

"आलं आज. तक्रार एकच आहे."

"म्हणजे माझीच." त्याला जरा बरं वाटलेलं दिसलं. "आता निदान दुसरा कोणी विचारेल, त्याला कळेल तरी."

तिला राहवलं नाही. "जनको, मला तेव्हाच कळलं होतं रे. ते पत्र मी आधी आठ वेळा वाचलं होतं. नाव यादीत नव्हतं, म्हणून गप्प बसले."

नळ चालूच राहिला. अलमेलूने आतून विचारलं, कॉफी दोघांना ना? जनकोजीने नळ बंद केला.

"सांगितलं असतंस तर भांडलो असतो तुझ्याशी," तो शेवटी म्हणाला. "चार महिने बोललोही नसतो. पण कारखाना सोडला नसता, अक्का."